मुलांनीं आणलेला पांढरा खडा

विहिरीच्या खोदकामांतून मुलें पांढरा चकचकीत खडा घरीं आणतात, आणि वडील मंडळी त्यास गारगोटी म्हणून अंगणांत टाकून देतात. वाचकहो, केवळ वर्णावरून पाषाणाचा निर्णय करणें हा आपला जुना दोष आहे.

फ्रीडरिख मोस या जर्मन पंडितानें १८१२ सालीं खनिजांच्या काठिण्याच्या दहा पायऱ्या लाविल्या. शंखजिरें पहिलें, हिरा दहावा. कॅल्साइट तिसरें, गारगोटी सातवी. कांच साडेपांचाच्या सुमारास येते. म्हणून जुन्या बाटलीच्या अंगावर खड्याची धार जोरानें ओढावी. गारगोटी कांचेवर ओरखडा काढील. कॅल्साइट स्वतःच झिजेल. मात्र उमटलेली रेघ बोटानें पुसून पाहावी, कारण मऊ दगडाची भुकटीही ओरखड्यासारखी दिसते व पुष्कळांस फसविते. पुढें सुरीनें थोडा चुरा खरवडून त्यावर लिंबाचा रस पिळावा. बारीक बुडबुडे आले तर तें कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचेंच सगोत्र.

सुरीनें ओरखडला, पण फसफसला नाहीं, तर? मग खडा नीट जपावा. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट वर्गाचीं खनिजें असतात. त्यांपैकीं मोत्याच्या झांकेचें स्टिल्बाइट तो असूं शकेल. पुणें, नाशिक, जळगांव या भागांतील असे नमुने परदेशींच्या संग्रहालयांतही मानानें मांडलेले आहेत.

परीक्षा खालच्या ओबडधोबड अंगास करावी. सुंदर पैलूवर सुरी फिरविणें हा निव्वळ रानटीपणा होय. खड्यास चिठ्ठी लावून गांव, विहीर आणि खोली मुलाकडूनच लिहवून घ्यावी. स्थळ अज्ञात असेल तर अभ्यासकास त्या नमुन्याचा निम्मा उपयोग संपतो.