नववीच्या भूगोलातले 'कामगार'

ऑक्टोबर २०१५ मधील गोष्ट आहे. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ पेअरलँड नावाचे शहर आहे. तेथे नववीत शिकणाऱ्या एका काळ्या मुलाने आपल्या जागतिक भूगोलाच्या पुस्तकातील एका पानाचा फोटो काढला आणि आईला मोबाईलवर पाठविला. अमेरिकेत बाहेरून येऊन वसलेल्या लोकांची माहिती देणारे ते पान होते. त्यावर एक नकाशा होता आणि नकाशाखाली छोटासा मजकूर. गुलामांच्या अटलांटिक व्यापाराने आफ्रिकेतून लाखो 'कामगार' अमेरिकेच्या दक्षिण भागात शेतमळ्यांवर कामासाठी आणले, असा त्या मजकुराचा आशय होता. आपण फारच कष्टाळू कामगार होतो, असा टोमणा मुलाने सोबत लिहिला होता.

पंधरा वर्षांच्या पोराला जे खटकले ते पुस्तक लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या विद्वानांना खटकले नव्हते. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने आरडाओरड केली नाही. पुस्तक उघडले आणि शेजारचा मजकूरही वाचला. युरोपातून करारावर आलेल्या गोऱ्या नोकरांना तुटपुंज्या पगारावर किंवा बिनपगारी राबावे लागले, हे त्यात नमूद होते. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या माणसांच्या बाबतीत मात्र मजुरी दिली नाही, जबरदस्ती केली, असे काहीही तेथे नव्हते. तिने पुस्तकाची पाने दाखवीत एक चित्रफीत तयार केली. ती लाखो लोकांनी पाहिली. मॅकग्रॉ-हिल या बलाढ्य प्रकाशन संस्थेला काही दिवसांतच चूक कबूल करावी लागली. संगणकावरील आवृत्तीत ताबडतोब दुरुस्ती झाली. छापील पुस्तकासाठी चुकीच्या मजकुरावर चिकटवायची पट्टी किंवा नवीन प्रत देण्याचे संस्थेने मान्य केले.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच वाक्यात 'गुलामांचा व्यापार' हा शब्दही होता. मग एवढा गहजब कशासाठी, असे विचारणारे तेव्हाही होते. परंतु ते वाक्य पुन्हा नीट पाहा. व्यापार गुलामांचा आहे आणि किनाऱ्यावर उतरतात ते कामगार! मधल्या समुद्रात गुलाम नाहीसे झाले. ही साधी भाषेची चूक नाही, ही माणसांची नोंद बदलणे आहे.

वकिली करणाऱ्या माणसाला यातील फरक चटकन कळतो. कामगार म्हटला की करार आला. करार म्हटला की संमती आली, मजुरी आली, काम सोडून जाण्याचा अधिकार आला. गुलामाला यापैकी काहीच नव्हते. तो स्वतःच मालकाची मालमत्ता होता. व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने १६६२ साली कायदाच केला की, मूल स्वतंत्र की गुलाम हे त्याच्या आईच्या स्थितीवरून ठरेल. म्हणजे गुलामी जन्माने मिळू लागली. जन्माने माणसाची जागा ठरविणारी व्यवस्था काय असते, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता भूगोलाकडे वळू. अमेरिकेत हायस्कूल नववीपासून सुरू होते. टेक्सासमध्ये बहुतेक मुले जागतिक भूगोल याच वर्षी शिकत आली आहेत. नद्या, पर्वत, हवामान यांच्याबरोबर लोकसंख्या आणि स्थलांतर हे त्यातील महत्त्वाचे प्रकरण. लोकांना घराबाहेर ढकलणारी कारणे कोणती आणि नव्या मुलुखाकडे ओढणारी कारणे कोणती, हे त्यात शिकवतात. दुष्काळ, युद्ध, बेकारी एकीकडे. जमीन, रोजगार, स्वातंत्र्य दुसरीकडे. नकाशावर बाण काढले जातात. आयर्लंडमधून एक बाण, चीनमधून एक बाण, आफ्रिकेतूनही एक बाण. सगळे बाण सारखेच दिसतात. आयर्लंडचा शेतकरी उपासमारीने का होईना पण स्वतः बोटीत चढला. आफ्रिकेचा माणूस पकडून, विकून, तळघरात कोंबून आणला गेला. दोघांना एकाच तक्त्यात 'स्थलांतरित' म्हणून बसविले की हा फरक विद्यार्थ्याच्या डोक्यात शिरतच नाही. म्हणून दोष एका शब्दापुरता नव्हता. सारा पाठच अशा रीतीने मांडला होता की त्यात जबरदस्तीला जागा उरली नव्हती.

शिवाय तो मजकूर भूगोल म्हणूनही चुकला होता. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांच्या नोंदी संशोधकांनी जमविल्या आहेत. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे १ कोटी २५ लाख माणसे आफ्रिकेतून जहाजांवर चढविली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत पोचली. मधली अठरा लाख माणसे समुद्राने गिळली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरविलेल्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे. सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ४८ लाख, ब्राझीलला नेले गेले. अमेरिकेने १८०८ पासून गुलामांच्या आयातीवर बंदी घातली, तरी १८६० च्या जनगणनेत तेथे जवळजवळ ४० लाख गुलाम होते. हे बाहेरून आले नव्हते. बहुतेक तेथेच, गुलाम आयांच्या पोटी जन्मले होते. लाखो 'कामगार' आणल्याचे सांगणाऱ्या पुस्तकाने ही १६६२ च्या कायद्याची करणी झाकून टाकली. आणि हे पुस्तक कोठे शिकविले जात होते? पेअरलँडपासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर गॅल्व्हेस्टन बंदर आहे. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गुलामांना ते मुक्त असल्याचे याच गॅल्व्हेस्टनला जाहीर करण्यात आले. स्वातंत्र्याची बातमी जेथे सर्वांत उशिरा पोचली, त्याच मुलुखात दीडशे वर्षांनी गुलामाचा कामगार झाला!

हे आपोआप घडते काय? टेक्सासचे शिक्षण मंडळ निवडून आलेल्या १५ सदस्यांचे असते. मुलांनी काय शिकावे याचे निकष ते मतदानाने ठरविते. २०१० साली या मंडळाने समाजशास्त्रांसाठी जे निकष मंजूर केले, त्यांत यादवी युद्धाच्या कारणांत गुलामगिरी तिसऱ्या क्रमांकावर ढकलली गेली होती. त्या निकषांना अनुसरून लिहिलेली पुस्तके २०१४ साली मंजूर झाली. 'कामगार' प्रकरणानंतर, नोव्हेंबर २०१५ मध्ये, पुस्तकांतील तथ्ये विद्यापीठांतील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावीत असा प्रस्ताव मंडळापुढे आला. तो ८ विरुद्ध ७ मतांनी फेटाळला गेला. म्हणजे चूक सापडली, माफी मागितली गेली, पण चूक होऊ न देण्याची व्यवस्था करायला मंडळ तयार झाले नाही. गुलामगिरीचा प्रसार हे यादवी युद्धाचे मुख्य कारण होते, हे लिहायला २०१८ साल उजाडावे लागले. एका मताने मुलांचे ज्ञान इकडचे तिकडे होते. आपल्याकडे ज्यांना पाठ्यपुस्तक हा निव्वळ शाळेचा विषय वाटतो, त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

जागतिक भूगोल हा विषयच तेथे मागे सारला जात आहे. २०१३ च्या कायद्याने पदवीसाठी जागतिक भूगोल किंवा जागतिक इतिहास यांपैकी एकच पुरेसा ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मंडळाने, पुन्हा ८ विरुद्ध ७ मतांनी, शाळांसाठी टेक्सास आणि अमेरिकेच्या इतिहासावर भर देणारा नवा आराखडा स्वीकारला. जगाची ओळख जितकी कमी, तितका आपलाच मुलुख थोर वाटतो. राज्यकर्त्या वर्गाला हे सोयीचे असते.

अमेरिकेतील काळ्यांच्या या प्रश्नाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या थोर काळ्या विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. हा संबंध आपल्या महापुरुषांनीच जोडून दिलेला आहे.

आणि शब्दाआड जुलूम लपविण्याची कला आपल्याकडे टेक्सासपेक्षा जुनी आहे. 'महार वतन' हा शब्द पाहा. वतनदार म्हटले की ऐकणाऱ्याला मान वाटतो. प्रत्यक्षात ती रात्रंदिवस करावी लागणारी वेठ होती. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागायची भाकरी. या मानाच्या शब्दामागची गुलामी उघडी करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. त्यावेळी आपल्यातीलच काही लोकांना वतन सोडवत नव्हते, कारण शब्दाने त्यांना बांधून ठेवले होते. ही वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल यावे लागले.

कॅलिफोर्नियात तर हा वाद थेट आपल्याशी येऊन भिडला. २००५-०६ साली तेथील सहावीच्या प्राचीन इतिहासाच्या पुस्तकांत जातिव्यवस्थेविषयीचा मजकूर सौम्य करावा, असा आग्रह काही हिंदू संघटनांनी धरला होता. २०१६ साली पुन्हा तोच प्रयत्न झाला. दोन्ही वेळा अभ्यासकांबरोबर तेथील दलित कार्यकर्ते सरकारी सुनावणीत उभे राहिले. सातासमुद्रापलीकडेही पुस्तकाचे पान मोकळे सोडून चालत नाही, हे त्यांनी ओळखले.

आपल्या घरात काय चालले आहे? २०१८ साली आलेले महाराष्ट्राच्या दहावीचे भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करते. तुलना चांगली आहे. पण ब्राझील शिकविताना ४८ लाख गुलामांची आठवण वर्गात निघते काय? १८८८ साली, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी, त्या देशाने गुलामगिरी बंद केली, हे मुलांना कोणी सांगते काय? वस्तीचे प्रकार शिकविताना केंद्रित, विखुरलेली, रेषाकृती हे मुले पाठ करतात. पण गावाबाहेर आपली वस्ती कोणी आणि का वसविली, हा प्रश्न भूगोलाचा नाही काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु पाटी बदलली म्हणून वस्तीची जागा बदलत नाही. आणि बीडचे ऊसतोड मजूर उचल घेऊन, लेकरे गाडीत घालून कारखान्याच्या फडावर जातात, त्याला 'हंगामी स्थलांतर' एवढेच म्हणून पुढे जायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे की, किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हीदेखील संविधानाच्या कलम २३ ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. पोटाची सक्ती ही सक्तीच, हा त्या निकालाचा अर्थ. शिक्षकाने नकाशावर बाण काढताना हे कलम मुलांना सांगितले तर भूगोल बिघडणार नाही, उलट पुरा होईल.

बांधवांनो, पेअरलँडच्या त्या आईपाशी कोणती सत्ता नव्हती. तिने पुस्तक वाचले, एका ओळीवर बोट ठेवले, शेजारची ओळ पुरावा म्हणून दाखविली. एवढ्या जोरावर तिने बलाढ्य कंपनीला झुकविले. आपण जयंतीला हजारोंनी जमतो, पण मुलाच्या दप्तरातले भूगोलाचे पुस्तक आपल्यापैकी किती जण उघडून पाहतात? जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की प्रत्येक विहारात एका रविवारी आठवी ते दहावीची पुस्तके मांडून बसावे. खटकणारे वाक्य, पान क्रमांक आणि योग्य मजकूर लिहून काढावा. पुण्याच्या बालभारतीकडे लेखी हरकत पाठवावी, तिची पोच ठेवावी, उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. हे काम भाषणापेक्षा कंटाळवाणे आहे. पण चुकीच्या मजकुरावर पट्टी चिकटवून मिळाली म्हणजे काम संपत नाही, हे टेक्सासने दाखवून दिले आहे. पुस्तक मंजूर करणाऱ्या टेबलापाशी आपला माणूस बसेपर्यंत दप्तर उघडण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.