स्पीकरची दुसरी तार

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारात आली, हार घातला, नारळ फोडला, की पुढच्याच रविवारी मुलांचा हट्ट सुरू होतो तो स्टिरिओचा. गाडी जुनी, दुसऱ्याने वापरलेली घेतली असेल तर हे हमखास. मग यजमान सकाळी गाडी दुकानात सोडतात, संध्याकाळी घेऊन येतात, आणि आत काय केलं ते कुणी विचारत नाही. तारा झाकून गेलेल्या असतात ना! पण मैत्रिणींनो, याच झाकलेल्या तारांपायी गाडीत धूर निघतो, रात्रीत बॅटरी उतरते आणि ऐन शाळेच्या वेळी गाडी जागची हलत नाही. तेव्हा या खेपेला स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवू. गाडी तुम्ही चालवत असा की शेजारी बसत असा, एवढं ठाऊक असायलाच हवं.

आधी ‘अर्थिंग’ या शब्दाचा घोळ निस्तरू. घरी फ्रीजच्या प्लगला तिसरी जाड पिन असते, तिची तार जमिनीत जाते. एरवी तिच्यातून वीज वाहतच नाही. शॉक लागू नये म्हणून ती पहाऱ्याला ठेवलेली. गाडीचं तसं नाही. रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा जमिनीशी संबंध कसला? तिथे अर्थ म्हणजे गाडीचा पत्रा. 12 व्होल्टच्या बॅटरीचं ऋण टोक पत्र्याला जोडलेलं असतं, आणि दिवे, हॉर्न, वायपर सगळ्यांची वीज काम आटोपून या पत्र्याच्या वाटेनेच बॅटरीकडे परत जाते. त्यामुळे घरी अर्थिंग सुटलं तरी फ्रीज चालू राहतो (आणि म्हणूनच ते जास्त धोक्याचं), गाडीत मात्र ते ढिलं झालं की लगेच कुरकुर सुरू.

आता मुख्य गोष्ट. फियाट-अँबेसेडरच्या काळात टेप बसवणारे मिस्तरी स्पीकरची एक तार टेपला लावत आणि दुसरी सरळ पत्र्याला. तार वाचायची, आणि त्या वेळच्या पुष्कळ टेपना ते चालायचंही. आजच्या स्टिरिओला हे मुळीच चालत नाही. आवाज मोठा मिळावा म्हणून यात स्पीकरच्या दोन्ही तारांना जोर दिलेला असतो. जिला आपण ऋण म्हणतो तिच्यावरही साधारण 6 व्होल्ट असतात. ती पत्र्याला टेकली की शॉर्ट झालाच म्हणून समजा. नशीब असेल तर स्टिरिओ आपणहून मुका होतो, नसेल तर आतली आयसी जळते आणि नवा स्टिरिओ घ्यावा लागतो. तेव्हा प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा स्टिरिओपर्यंत परत आल्या पाहिजेत. पत्र्याला जाते ती फक्त स्टिरिओची स्वतःची काळी तार. “सगळ्यांची एकत्र अर्थ केली की झालं, ताई,” असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा बरं का.

कधी कुणी मुद्दाम जोडलेली नसते, तरी दाराच्या सांध्यात घासून तार सोलली जाते आणि पत्र्याला लागते. दार उघडलं की गाणं बंद, लावलं की सुरू, असं होत असेल तर तिथेच बघायला सांगा. पत्र्याच्या भोकातून तार नेली असेल तर भोकाला रबरी कडी हवीच.

त्या काळ्या तारेचं अर्थिंगही धड हवं. रंगावर स्क्रू पिळून चालत नाही. रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर गोल लग लावून बोल्टने आवळायचं. सीटबेल्टचा बोल्ट मात्र यासाठी कधीही सैल करू द्यायचा नाही. अर्थ कच्ची राहिली तर गाण्यामागे बारीक किंकाळी ऐकू येते, आणि अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो.

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंचे रंग ठरलेले असतात. पिवळी तार कायम बॅटरीची, लाल किल्लीवर चालणारी, काळी अर्थची. या पिवळ्या-लालची अदलाबदल झाली की गाडी बंद करताच स्टिरिओ घड्याळ आणि स्टेशनं विसरतो. दोन्ही एकत्र करून बॅटरीवर टाकल्या तर बॅटरी उतरते. स्पीकरच्या तारा पांढरी, करडी, हिरवी आणि जांभळी. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती ऋण. गाडीतल्या मूळ तारांचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे. म्हणून त्या कापू न देता गाडीच्या मॉडेलचा कपलर आणायला लावा. वॉरंटीचं भांडण पुढे होत नाही.

एका स्पीकरला धन-ऋण उलटं लागलं तर काही जळत नाही, पण तबल्यातला डग्गा कुठे गेला असं वाटतं. एक कोन पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खर्ज मारला जातो. हे घरी तपासता येतं. स्पीकर सुटा असताना पेन्सिल सेल क्षणभर त्याच्या टोकांना टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं धन टोक जिथे लागलं ते स्पीकरचं धन. आणखी एक, 4 ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडीच्या तारांवर समांतर लावू नयेत. भार 2 ओहमचा होतो आणि स्टिरिओ तापतो.

फ्यूजच्या बाबतीत मी फार कडक आहे. 10 अँपिअरचा उडाला तर 10 चाच घाला. त्या जागी 20 चा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटाची चांदी घातली की फ्यूजऐवजी तार पेटते, आणि ती असते डॅशबोर्डच्या आत. वेगळा अॅम्प्लिफायर बसवत असाल तर त्याच्या तारेला बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच स्वतंत्र फ्यूज हवा.

काम सुरू होण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढलं की नाही ते बघा. पिवळ्या आवरणातल्या, पिवळ्या कपलरच्या तारा दिसल्या तर त्या बहुधा एअरबॅगच्या, त्यांना हात नको. जुलै 2019 पासून आपल्याकडच्या नव्या गाडीत निदान चालकापुढे एअरबॅग असतेच.

डॅशबोर्ड मिटायच्या आत तिथे उभं राहून एक एक स्पीकर वाजवून घ्या. इंजिन चालू करून हॉर्न, इंडिकेटर आणि काचाही बघा. पिळून नुसती टेप गुंडाळलेले जोड दिसले तर डाग देऊन त्यावर नळी चढवायला सांगा. वैशाखाच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो, मग तार उघडी.