फीत कापली, पुढे काय?

आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, रिलीज झालं की खरं काम सुरू होतं. सर्व्हर झोपतो तो पार्टीचा केक संपल्यावर, रात्री दोन वाजता. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचंही तसंच आहे. पण आपल्याकडे नारळ फुटला, फीत कापली, की विषय संपतो.

थोडं गणित करू. कृष्णाकाठची वाई घ्या. २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे ३६ हजार. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं हे नेहमीचं गृहीतक लावलं, तर रोजचे जवळपास ३९ लाख लिटर. दहा हजार लिटरचे ३९० टँकर. रोज! आणि हे 'छोटं गाव' बरं का.

आता देशाचा हिशेब. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं. केंद्रांची क्षमता ३१,८४१. प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३५. पहिल्या दोन आकड्यांतली दरी सगळ्यांना दिसते, कारण ती भरायला नवीन टेंडर काढता येतं. मला छळतो तो तिसरा आकडा. जे बांधलंय, त्यातलंही एक तृतीयांशाहून जास्त वापरात नाही!

का? कुठे केंद्र झालं पण घरं गटाराला जोडलीच नाहीत, कुठे वीजबिल झेपत नाही, कुठे चालवायला शिकलेला माणूस नाही. आणि हे यंत्र म्हणजे नुसते पंप नव्हेत. टाकीतले जिवाणू घाण खातात, त्यांना ऑक्सिजन लागतो, म्हणून ब्लोअर सतत चालवावे लागतात. बिल वाचवायला ते बंद ठेवले की जिवाणू मरायला लागतात. मग रिस्टार्ट मारून उपयोग नाही, घडी बसायला दिवस जातात.

'छोट्या नगरपालिकेकडे पैसे कुठून येणार?' हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच माझं म्हणणं, झेपेल तेच बांधा आणि ते रोज चालवा. जागा असेल तर साधी स्थिरीकरण तळी चालतात, त्यांना वीज जवळजवळ लागत नाही. वाईनेच २०१८ मध्ये एक शहाणपणाची गोष्ट सुरू केली. घरोघरच्या सेप्टिक टाक्या तुंबल्यावर गाडी बोलवायची नाही, तर वेळापत्रकानुसार दर तीन वर्षांनी गाडीच दारात येणार. खर्च स्वच्छता करातून. टाकीतून वाहून जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न याने सुटत नाही, मान्य. पण इथे उद्घाटनापेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं आहे, आणि मला तेच आवडलं.

हे सगळं नदीच्या सौंदर्यासाठी नाही. वाईखालून वाहणारी कृष्णा पुढे सांगलीकर पितात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारोंना लागण झाली, काही माणसं गेली. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की हेच होतं. वरच्या गावाने वाचवलेलं वीजबिल खालच्या गावाने दवाखान्यात भरायचं, हा कुठला न्याय?

आपल्यापैकी बहुतेकांचं एक 'गाव' असतं, दिवाळी-गणपतीत जायचं. पुढच्या वेळी तिथल्या नगरसेवकाला 'केंद्र कधी होणार?' असं विचारू नका. विचारा, गेल्या महिन्यात किती पाणी शुद्ध झालं, वीजबिल किती आलं आणि ते भरलं का? साधे तीन प्रश्न. उत्तरं नसतील, तर केंद्र फक्त कोनशिलेवरच चालू आहे असं समजा.