दहा मिनिटांची सुट्टी, पण कोणाला?



एप्रिल लागला की आपल्या घरांची तऱ्हाच बदलते. विद्यापीठाचं वेळापत्रक लागतं, हॉल तिकीट हातात येतं, टीव्हीचा आवाज बारीक होतो आणि आलेल्या पाहुण्यांशीही हळू आवाजात बोललं जातं. अशा दिवसांत एका भगिनीचं पत्र आलं. त्यांचा मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या लिहितात, "पुस्तक उघडून अर्धा तास होत नाही तोच मोबाईल घेऊन आडवा होतो. विचारलं तर म्हणतो, ब्रेक घेतोय. आपा, परीक्षा संपेपर्यंत हे ब्रेक बंदच करून टाकू का?" पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे, "धाकटी एफ.वाय.ला आहे, पण तिचा काही त्रास नाही. अभ्यासातून उठली की आपणहून कामाला हात लावते."

या शेवटच्या ओळीकडे मी नंतर येते. आधी मुलाचं बघू.

ब्रेक बंद करू नका. मी पंचवीस वर्षं कॉलेजात शिकवलं, तितकीच वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षण केलं. रात्रभर जागून आलेली मुलं मला लगेच ओळखू यायची. डोळे लाल, पहिला तास भराभर लिहिणार आणि दुसऱ्या तासाला पेन हातात धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसणार. वाचलेलं असायचं, पण वेळेला आठवायचं नाही. सलग सहा तास बसलेला मुलगा सहा तास अभ्यास करतोच असं नाही. एका मर्यादेनंतर डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि आत काही जात नाही. हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

1980 च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्चेस्को सिरिलो नावाच्या विद्यार्थ्याची हीच अडचण होती. अभ्यासात मन लागेना. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ उचललं आणि ते लावून तेवढा वेळ तरी मन लावून बसायचं ठरवलं. पुढे त्यातून 25 मिनिटं अभ्यास आणि 5 मिनिटं सुट्टी अशी पद्धत तयार झाली. असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच पडलं. आकडे पंचवीस-पाचच हवेत असं काही नाही. अकाउंट्सचं मोठं गणित पंचवीस मिनिटांत सुटत नाही, तिथे पन्नास मिनिटं आणि दहा मिनिटं ठेवा. महत्त्वाचं हे की सुट्टी कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे अभ्यासाला बसण्याआधी ठरलेलं असावं.

मोबाईलवरच्या ब्रेकचा दोष इथेच आहे. त्याला शेवट नाही. एक रील संपली की दुसरी आपोआप येते. शिवाय वाचून थकलेले डोळे पुन्हा वाचतातच आणि मान पुन्हा तशीच खाली. वर मित्राने ग्रुपवर टाकलेलं असतं, "माझे चार चॅप्टर झाले." झालं, उरलेला तास त्या काळजीत गेला. म्हणून मुलाला म्हणा, मोबाईल काढून घेत नाही, पण अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत राहील. मेसेज बघायला दिवसातली एक-दोन वेळा ठरव. आणि भगिनींनो, तेवढे दिवस आपणही आपला मोबाईल बाजूला ठेवू या. मुलं बघत असतात.

मग त्या दहा मिनिटांत काय करायचं? जे अभ्यासात होत नाही ते. बसून थकलाय तर उभं राहा, गच्चीवर दोन फेऱ्या मारा. डोळे थकलेत तर लांबचं झाड बघा, दूरची पाण्याची टाकी बघा. पाणी प्या, तोंडावर पाणी मारा. नमाजी मुलांना तर दिवस आधीच वाटून मिळालेला असतो. वजूचं गार पाणी, जागेवरून उठणं, रुकू-सजद्यात मोकळं होणारं अंग, आणि तेवढा वेळ पुस्तकापासून मन बाजूला. नमाज ही इबादत म्हणूनच पढायची, पण शरीराला आणि मनाला तिच्यातून विसावा मिळतो हेही खरं. फक्त आपल्या मुलांची एक खोड मला ठाऊक आहे. असरची नमाज दहा मिनिटांची आणि मशिदीबाहेरच्या चहाच्या टपरीवरचा मुक्काम तासाभराचा! त्या तासाचा हिशेब नमाजच्या नावावर मांडू नये.

दुपारचं ऊन चढलं की डोळ्यांवर झापड येते. तेव्हा ताणून बसण्यापेक्षा जोहरनंतर वीस-पंचवीस मिनिटं सरळ पडावं. आपल्याकडे या झोपेला कैलूला म्हणतात. गजर मात्र लावावा, नाहीतर डुलकीची झोप होते आणि उठल्यावर डोकं जड. रात्रीच्या झोपेला तर हात लावूच नये. 1924 साली अमेरिकेतल्या जेन्किन्स आणि डॅलनबाख या दोघांनी विद्यार्थ्यांकडून अर्थहीन अक्षरं पाठ करून घेतली होती. पाठ करून जागे राहिल्यावर जितकं विसरायला झालं, त्यापेक्षा पाठ करून झोपल्यावर बरंच कमी विसरलं गेलं. तेव्हा पेपरच्या आदल्या रात्री मुलगा अकराला झोपला तर त्याला आळशी म्हणू नका.

आणखी एक गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायचे. सुट्टीवरून परत आलात की लगेच पुस्तक उघडू नका. आधी कोऱ्या कागदावर मघाशी काय वाचलं ते आठवून चार मुद्दे लिहा, मग पुस्तकाशी ताडून बघा. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी हे तपासलं होतं. एकच उतारा काही मुलांनी पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपला पेपर काही पाच मिनिटांनी नसतो.

पेपर झाल्यावरची सुट्टीही ठरवावी. गेटबाहेर घोळक्यात उभं राहून उत्तरं ताडत बसू नये. लिहिलेलं बदलत नाही आणि पुढच्या पेपरचं बळ मात्र जातं. घरी या, अंघोळ करा, जेवा, थोडं झोपा, संध्याकाळी नवं पुस्तक. एप्रिल-मे म्हणजे लग्नाचेही दिवस. चुलत बहिणीचा निकाह असेल तर मुलाला घरी डांबून ठेवू नका. त्याचं मन मांडवातच राहील. जाऊ द्या, निकाहला बसू द्या, जेवू द्या आणि दोन तासांनी परत या असं सांगा. हळदीपासून वलीम्यापर्यंत तीन दिवस मात्र नको.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते. "धाकटीचा काही त्रास नाही."

हे वाक्य मीही अनेकदा बोलले आहे. एका वर्षी माझ्या मुलाची आणि मुलीची परीक्षा एकाच वेळी आली. तो शेवटच्या वर्षाला, ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तो पुस्तकातून उठला की मी म्हणायचे, जा बाळा, जरा बाहेर मोकळ्या हवेत फिरून ये. ती उठली की म्हणायचे, उठलीस ना, तेवढ्या चार चपात्या लाट. तेवढा लसूण सोल. दादीला चहा दे. कपडे वाळले असतील, काढून आण. ती निमूट करायची आणि मी शेजारणींना कौतुकाने सांगायचे, माझी मुलगी अभ्यास सांभाळून घर बघते. निकाल लागला तेव्हा तिचे दोन विषय राहिले. मी तिलाच बोलले. ती रडली नाही, उलट बोलली नाही. रात्री भांडी आवरताना एवढंच म्हणाली, "अम्मी, भाईजानला ब्रेक होता. मला नव्हता."

कॉलेजात शेकडो मुलांना अभ्यासाचं वेळापत्रक करून देणारी मी. घरातल्या मुलीचं वेळापत्रक माझ्या चपात्यांवर चाललं होतं, हे मला दिसलं नाही.

कोणी म्हणेल, घरकाम म्हणजेही हातपाय हलवणंच की. आहे. भाजी निवडताना डोकं शांत होतं, हे मला मान्य आहे. पण ते काम तिने स्वतः निवडलेलं असेल तर. हाक येईल या धास्तीने ती पुस्तक धरून बसते, तेव्हा तिचा अभ्यासही पुरा होत नाही आणि सुट्टीही. शिवाय मुलगा सहज चौकापर्यंत जाऊन येतो, मुलगी दिवस दिवस त्याच दोन खोल्यांत असते. तिलाही उघड्या हवेत पाय मोकळे करायला हवेत. संध्याकाळी आईने, खालाने, मोठ्या बहिणीने तिला बरोबर घेऊन अर्धा तास चालून यावं. त्यात आपल्याही गुडघ्यांचं भलं होईल.

पुढच्या वर्षी आमच्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी एक कागद लागला. दोघांच्या अभ्यासाच्या वेळा, दोघांच्या सुट्ट्या, आणि कामंही दोघांची. चहाची भांडी आणि दादीच्या डोळ्यांतले थेंब मुलाकडे आले. दादी त्याला पाच मिनिटं जुन्या गोष्टी सांगायची, तो हसत हसत पुस्तकाकडे परत जायचा. चपात्या मी लाटल्या, काही दिवस बेकरीतून पाव आणला. उपाशी कोणी राहिलं नाही. मुलीने आधी राहिलेले दोन्ही विषय सोडवले, पुढे एम.एस्सी. केलं. कागदामुळेच झालं असं मी म्हणत नाही, मेहनत तिची होती. पण त्या मेहनतीच्या आड मी येणं थांबले.

तेव्हा भगिनी, तुमच्या घरीही असा कागद लावा. मुलाच्या नावासमोर मोबाईलशिवायची दहा मिनिटं लिहा. आणि धाकटीला बोलावून विचारा, तुला सुट्टी कधी हवी आणि त्या वेळात तुला काय करायचंय? ती सांगेल ते लिहा, आणि त्या वेळात तिला हाक मारू नका.

अल्लाह आपल्या सगळ्या मुला-मुलींना तंदुरुस्ती, एकाग्रता आणि यश देवो. आमीन.