खेळाची खरी किंमत

व्हिडिओ गेम मुळीच खेळू नका, असे सांगणारे लोक पुष्कळ आहेत. मी त्यांच्यापैकी नाही. अभ्यास झाल्यावर ठरलेल्या वेळेत कोणी खेळत असेल, तर त्यात काय बिघडले? माझे म्हणणे वेगळे आहे. खेळावर पैसे खर्च करताना आपण हिशेब करीत नाही. पतंग घेण्यासाठी चार दुकाने फिरणारा मुलगा मोबाइलवर मात्र किंमत न वाचताच बटण दाबतो. ते पैसे कधी ईदीचे असतात, तर कधी अब्बूंच्या कमाईचे.

विद्यार्थी मित्रांनो, ‘किफायत’ हा शब्द तुम्ही घरी ऐकता. मराठीतील ‘किफायतशीर’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. किफायत म्हणजे कंजुषी नव्हे. दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला मिळाला, की तो व्यवहार किफायतशीर झाला. या दृष्टीने पाहिले तर विकत घेतलेला खेळ पुष्कळदा फुकटच्या खेळापेक्षा स्वस्त पडतो, असे माझे मत आहे.

हे कसे, ते पाहा. फुकटचा खेळ मोबाइलवर घेताना एक पैसाही लागत नाही. पण आत गेल्यावर पोशाख, बंदुका, गाड्या यांसाठी हिरे किंवा नाणी लागतात आणि ती रुपये देऊन घ्यावी लागतात. समजा, १०० हिऱ्यांची किंमत ८० रुपये आहे आणि हिरे शंभराच्या पटीतच मिळतात. तुम्हांला आवडलेला पोशाख १२० हिऱ्यांचा आहे. म्हणजे २०० हिरे घेणे भाग पडले. १६० रुपये गेले. ८० हिरे उरले. ते वाया कसे घालवायचे? म्हणून दुसऱ्या पोशाखासाठी आणखी १०० हिरे घेतले जातात. आता २४० रुपये गेले आणि ६० हिरे पुन्हा उरलेच! ही मांडणी मुद्दाम केलेली असते. रुपयांचे हिरे झाले, की पैसा खर्च होत आहे असे मनाला वाटतच नाही.

ही केवळ माझी शंका नाही. ‘फोर्टनाइट’ हा जगप्रसिद्ध खेळ फुकट खेळता येतो. त्याच्या बटणांची रचना फसवी असून खेळाडूंकडून नको असलेली खरेदी होते, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. पालकांना न विचारता मुलांकडून खरेदी होत होती, हाही आरोप होता. डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्स या कंपनीने ग्राहकांना परत देण्यासाठी २४ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले.

मात्र सगळेच फुकट वाईट, असेही नाही. ‘सिव्हिलायझेशन ६’ हा संगणकावरील खेळ २०१६ मध्ये आला, तेव्हा तो महाग होता. मे २०२० मध्ये तोच पूर्ण खेळ एक आठवडाभर फुकट मिळत होता, आणि देणारी कंपनी तीच एपिक! नवा खेळ आला की पहिल्याच दिवशी घेण्याची घाई कशाला? दोनेक वर्षांत बहुतेक खेळांच्या किमती उतरतात. ‘स्टीम’ या विक्रीस्थळावर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोठी सूट असते. तेथे घेतलेला खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर चौदा दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात.

डिस्कचा हिशेब आणखी चांगला. ३००० रुपयांची डिस्क सहा महिन्यांनी १८०० रुपयांना विकली, तर खेळ १२०० रुपयांनाच पडला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वापरलेल्या डिस्क मिळतात. खेळाचे यंत्र घेतानाच हे लक्षात ठेवावे. डिस्क घालण्याची सोय नसलेले यंत्र थोडे स्वस्त असते, पण त्यावर जुनी डिस्क चालणार कशी? मात्र घरात यंत्रच नसेल, तर स्वस्त डिस्कसाठी ते विकत घेणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

जुनी डिस्क घेताना ‘हा खेळ इंटरनेटशिवाय चालतो का?’ असे दुकानदाराला अवश्य विचारा. यूबीसॉफ्ट कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ २०१४ मध्ये आला. तो कंपनीच्या संगणकाशी जोडल्याशिवाय चालत नसे. कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी ती सेवा बंद केली आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क घरात असूनही लोकांना तो खेळता येईना.

दोघातिघा मित्रांकडे यंत्र असेल, तर प्रत्येकाने वेगळा खेळ घ्यावा आणि अदलाबदल करावी. डिस्क डबीत घालूनच द्यावी. ओरखडा पडला की पुढे तिची किंमत येत नाही.