तीन हजारांत ऐकू येत नाही

ज्येष्ठ नागरिकांनो, आणि त्यांच्या मुला-सुनांनो,

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरील गरजूंना एकरकमी ३,००० रुपये मिळतात. चष्मा, काठी, कमोड खुर्ची, श्रवणयंत्र, यांतले लागेल ते घ्या. काठीला ही रक्कम पुरते. श्रवणयंत्राला पुरत नाही, आणि अपुरे दिलेले इथे फुकट जाते.

उतारवयात कान सरसकट बंद होत नाही. अंतर्कर्णातल्या केसपेशी झिजतात आणि आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, त, ख गळतात, स्वर उरतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो गं, पण बोललेलं कळत नाही." मग घरचे ओरडतात. ओरडून स्वर तेवढे मोठे होतात. गोळी सातला घ्यायची की आठला, ते तरीही कळत नाही.

३,००० रुपयांत साधारण मिळते ते सगळेच आवाज वाढवणारे यंत्र. पंखा, भांडी, हॉर्न सारे डोक्यात आदळते आणि चार दिवसांत यंत्र कपाटात जाते. ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) पाहून, जिथे जेवढी उणीव तेवढाच आवाज वाढवणारे डिजिटल यंत्र हवे. कानाच्या मापाचा साचा हवा; तो सैल असला की शिट्टी वाजते. थोड्या दिवसांनी यंत्र पुन्हा जुळवून द्यायला ऑडिओलॉजिस्ट हवा, कारण वर्षानुवर्षे शांततेत राहिलेल्या मेंदूला आवाजाची सवय हळूहळूच होते.

याला पैसे लागतात, हे कबूल. एका कानाचे यंत्र १५,००० रुपयांचे आणि ते पाच वर्षे टिकेल असे धरा. दिवसाला सव्वाआठ रुपये पडतात. बॅटरी धरली तरी टपरीवरच्या एका चहाच्या आसपास. कपाटातले ३,००० चे यंत्र मात्र एक दिवसही उपयोगी पडत नाही. महाग कोणते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाने श्रवणसेवेवर घातलेल्या एका डॉलरमागे दहा वर्षांत सुमारे १६ डॉलरचा परतावा मांडला आहे. यंत्राने विस्मरण टळते, असा दावा आम्ही करणार नाही. अमेरिकेतल्या 'अचीव्ह' चाचणीत (२०२३) सर्व सहभागी एकत्र धरता फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बौद्धिक घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली. पण तो लाभ बाजूला ठेवा. बँकेच्या खिडकीवर आपले काम आपण करता येणे, दवाखान्यात सोबत कुणी नसतानाही डॉक्टरांचे बोलणे समजणे, नातवंडाच्या फोनला उत्तर देता येणे, एवढ्यावरही खर्च वसूल होतो.

"म्हातारपणी एवढा खर्च कशाला?" असे विचारणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. युद्धाने खंक झालेल्या त्या देशाने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतून 'मेड्रेस्को' श्रवणयंत्र मोफत द्यायला सुरुवात केली.

आमची मागणी: श्रवणयंत्राला वयोश्रीच्या यादीतून काढून वेगळी तरतूद करा. जिल्हा रुग्णालयात तपासणी, यंत्र, साचा, बॅटरी आणि पाच वर्षांची दुरुस्ती एकत्र द्या. तपासणारा आणि विकणारा एकच नसावा. यश मोजताना वाटलेली यंत्रे मोजू नका. वर्षभरानंतर किती कानांत आहेत ते मोजा.

आमदारांना निवेदन द्याल तेव्हा आपल्या ऑडिओग्रामची झेरॉक्स जोडा. यंत्र कपाटात पडून असेल, तर कधीपासून आणि कशामुळे, तेही लिहा.