‘ओ’ म्हणजे देणे लागणे

इंग्रजीतले काही शब्द इतके लहान असतात की शाळेत त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही. ‘ओ’ हे क्रियापद त्यांपैकीच. स्पेलिंग तीन अक्षरांचे : ओ, डब्ल्यू, ई. अर्थ : देणे लागणे. ‘आय ओ यू फाइव्ह हंड्रेड रुपीज’ म्हणजे मी तुमचे पाचशे रुपये देणे लागतो.

गंमत अशी की जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘जवळ असणे, मालकीचे असणे’ असा होता. ‘ओन’, म्हणजे स्वतःचे, हा शब्द त्याच घराण्यातला. शेक्सपिअरच्या (१५६४-१६१६) नाटकांतही ‘ओ’ हा मालकीच्या अर्थाने येतो. मग मालकीच्या शब्दाचे देणे कसे झाले? ‘माझ्याजवळ आहे’ यावरून ‘माझ्याजवळ आहे, पण द्यायचे आहे’ असा अर्थ सरकत गेला. लॅटिनमध्येही हेच दिसते. तिथले ऋणाचे क्रियापद ‘दुसऱ्याचे आपल्याजवळ ठेवणे’ अशा जोडणीतून बनले. इंग्रजीतले ‘डेट’, ‘ड्यू’ आणि ‘ड्यूटी’ हे शब्द त्याच्यापासूनच आले. म्हणजे कर्ज आणि कर्तव्य ही एकाच मुळाची दोन रोपे.

आणखी एक नाते पाहा. ‘यू ऑट टू हेल्प हर’ म्हणजे तू तिला मदत करायला हवी. हा ‘ऑट’ मुळात ‘ओ’चाच भूतकाळ. ‘शुड’ ज्या ‘शॅल’पासून आला, त्याचाही जुना अर्थ देणे लागणे हाच. इंग्रज माणूस ‘करायला हवे’ म्हणतो, तेव्हा नकळत आपल्या डोक्यावरचे देणेच सांगत असतो.

आता वापराविषयी. आपली मुले ‘आय अॅम ओइंग यू’ असे लिहितात. ते चूक आहे. ही चालू क्रिया नसून स्थिती आहे, म्हणून साधे ‘आय ओ यू’ म्हणावे. ‘ओइंग टू रेन’ हा प्रयोग वेगळा. त्याचा अर्थ ‘पावसामुळे’. हे क्रियापद केवळ पैशांपुरतेही नाही. ‘आय ओ यू अॅन अपॉलॉजी’ म्हणजे तुमची माफी मागणे माझ्याकडे बाकी आहे. ‘आय ओ एव्हरीथिंग टू माय मदर’ म्हणजे मी जो काही आहे तो अम्मीमुळे.

आपल्या वाचकांना अरबीतला ‘दैन’ म्हणजे कर्ज हा शब्द ठाऊक असेल. ‘दीन’ आणि ‘दैन’ यांची मूळ अक्षरे एकच : दाल, ये, नून. कुरआनातली सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) याच दैनविषयी आहे. मुदतीचे कर्ज असेल तर लिहून ठेवा, असा तिचा आदेश आहे. आपल्या घरांत मात्र उलटे चालते. “आपल्याच माणसाकडून घेतले, लिहायचे कशाला?” असे म्हणतात, आणि पुढे त्या न लिहिलेल्या रकमेवरून भाऊ-भाऊ बोलेनासे होतात. निकाहात ठरलेला मेहरही न दिल्यास नवऱ्यावरचे कर्जच असते. वारसा वाटण्यापूर्वी मयताचे कर्ज फेडायचे असते, त्यात हा मेहरही आला. बीबीने मागितला नाही म्हणून तो फिटत नाही.

तेव्हा या महिन्याचा अभ्यास असा. मुलामुलींनी ‘ओ’ वापरून तीन वाक्ये लिहावीत : एक पैशाचे, एक माफीचे, एक उपकाराचे. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ती लिहावीत, मराठीत लिहिली तरी चालतील. पैशाच्या वाक्यात रक्कम, नाव आणि तारीख घालावी, आणि तो कागद घरात सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावा.